एका रेघेची दुरुस्ती

सकाळी साडेआठला फोन वाजला तेव्हा ट्यूटरबाई चष्मा शोधत होत्या. नर्सिंग शिकवणं सोडून नऊ वर्षं झाली, तरी शहरातल्या निम्म्या परिचारिका अडचणीत आल्या की त्यांचंच डोकं खातात.

"बाई, लगेच या," त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचा, आता रुग्णालयाची मुख्य परिचारिका म्हणजे मेट्रन असलेलीचा आवाज बसला होता. "तीन वाजता चौकशी आहे, आणि माझ्याविरुद्ध कोणीतरी निनावी पत्र दिलंय."

प्रकरण बाईंना ठाऊक होतं. पुरेशा परिचारिका नाहीत म्हणून मेट्रनने एका वॉर्डात नवे रुग्ण घेणं थांबवलं आणि व्यवस्थापन खवळलं. तिची नोकरी राहते की जाते, ते आज ठरणार होतं.

पत्राची झेरॉक्स मेट्रनच्या टेबलावर होती. मंगळवारची तारीख, मुद्दाम वाकडंतिकडं काढलेलं अक्षर, खाली 'आम्ही सर्व परिचारिका'. 'त्या दिवशी वॉर्डात पाच जणी होत्या. मेट्रनबाईंनी केवळ हेकेखोरपणा केला.' 'पाच'च्या आधी 'चार' लिहून खोडलं होतं. एकच सरळ रेघ, शेजारी बारीक आकडे: १४.२०.

"खरंच पाच होत्या?"

"ड्यूटीच्या तक्त्यावर पाच. त्यातल्या तिघींना अतिदक्षता विभागात पाठवावं लागलं."

"तक्ता कोणाकडे असतो?"

"एक माझ्याकडे, एक माझ्या असिस्टंटकडे. तिचंच काम आहे हे, बाई. माझी खुर्ची गेली की तिलाच मिळणार."

"मंगळवारी दुपारी तू कुठे होतीस?"

"इथेच. आपल्या परिचारिका संघटनेची अध्यक्ष आली होती. पाठिंब्याचं पत्र लिहायला तिला तक्ता हवा होता. तासभर इथे लिहीत बसली. ती पाठीशी आहे म्हणून तरी धीर आहे."

बाईंनी असिस्टंट मेट्रनला बोलावलं.

"मंगळवारी दोन ते अडीच कुठे होतीस?"

"वॉर्डात. पाळी बदलते ना तेव्हा. खाटेखाटेपाशी उभं राहून रुग्ण सोपवले. आठ जणी होत्या बरोबर." मग ती मेट्रनकडे न बघता म्हणाली, "म्हणजे संशय माझ्यावर आहे तर."

अडीचला अध्यक्ष आली. कडक इस्त्री, हातात फाईल. तिने मेट्रनचा हात हातात घेतला. "घाबरू नकोस गं, मी आहे ना."

"आधी बस," बाई म्हणाल्या. "हे पत्र परिचारिकेने लिहिलंय. बाकीचे लोक चूक गिरबटून टाकतात. आपण रुग्णाच्या नोंदीत एकच रेघ मारतो, आधीचं वाचता यावं म्हणून. शेजारी वेळ आणि सही. तुम्हा दोघींकडून मीच ते घोटवून घेतलं. लिहिणारीने सही आवरली, पण वेळ सवयीने लिहून गेली. मंगळवार, दोन वीस. समोर तक्ता होता, म्हणून चारचे पाच केले. तक्ते दोनच. असिस्टंट तेव्हा आठ जणींच्या देखत वॉर्डात होती. दुसरा तक्ता या टेबलावर होता, तुझ्यापुढे."

अध्यक्ष हसली. "बाई, वेळ काय, कोणीही लिहील."

"मग त्या तासाभरात लिहिलेलं पाठिंब्याचं पत्र दाखव."

फाईल उघडली गेली नाही.

"मी समोर बसले होते गं," मेट्रन म्हणाली. "काय लिहितेस ते वाकून बघावं, असं मनातसुद्धा आलं नाही. का केलंस?"

"व्यवस्थापनवाले नवं नर्सिंग कॉलेज काढतायत. मला प्राचार्य करतो म्हणाले. तुला काय, कुठेही नोकरी मिळाली असती."

 मेट्रन मागे उभ्या असिस्टंटकडे वळली. "तुझ्यावर संशय घेतला. चुकलंच माझं."

"ते नंतर बघू, मॅडम. चला. वॉर्डात दोघीच उरल्या होत्या, हे मी सांगते."

दारात मेट्रन थांबली आणि अध्यक्षेकडे वळली.

"सतरा वर्षं मी नव्या मुलींकडून पहिल्याच दिवशी संघटनेचा फॉर्म भरून घेते. एकट्या पडलात तर तिथे जा, म्हणते. सोमवारी सहा जणी रुजू होतायत. त्यांना काय सांगू, ते तूच सांग."