पिवळ्या उजेडातल्या फांद्या

रुगुरूच्या गाडीचा उजवा फॉग लाइट जुलैत गेला, म्हणजे नेमका नको तेव्हा. न्जाबिनीहून निघून किनालेच्या जंगलातून जाणारा रस्ता जुलैच्या सकाळी दिसतच नाही. दिसतं ते धुकं, आणि त्यातून अचानक अंगावर येणारे मटाटूंचे, म्हणजे वडापच्या गाड्यांचे, दिवे. ह्याच रस्त्याने तिला दर मंगळवारी आणि शुक्रवारी वडिलांना डायलिसिसला न्यायचं असे. मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाला ‘आज राहू दे, उद्या जाऊ’ म्हणायची सोय नसते. एक फेरी चुकली तर पाय सुजतील, दुसरी चुकली तर पाणी छातीत भरेल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. त्या दिवसांत रुगुरूच्या डोक्यात ह्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

ती गावच्या दूध संकलन केंद्रात दूध तपासायची. गवळी आईची शपथ घेऊन सांगायचे की पाण्याचा थेंब नाही. ती ऐकून घ्यायची, काचेची नळी दुधात सोडायची आणि काय ते समजून घ्यायची. मोजल्याशिवाय काही खरं मानायचं नाही ही तिची खोड. त्यामुळे दिवा गेल्यावर तिने दुकान गाठायच्या आधी दिवा उघडला. आतलं प्लॅस्टिक करपून तपकिरी झालं होतं आणि वायर वाळक्या शेंगेसारखी कडकडीत. दिव्याच्या पाठीवर पस्तीस वॅट असं ठसठशीत लिहिलेलं असताना आधीच्या मालकाने बल्बचा खाचेत बसणारा एक कान कानशीने घासून पंचावन्नचा कोंबला होता. अजून महिनाभर तसाच चालला असता तर गाडीच पेटली असती.

नाक्यावरच्या मुइगाईनेही काउंटरवर आधी पंचावन्नचाच ठेवला.

“कान जरासा घासला की बसतो, मॅडम. सगळे हाच नेतात.”

“आणि सगळ्यांच्या वायरी जळतात. ते सांगायला कुणी परत येतं का?”

मुइगाई हसला आणि त्याने पांढरेशुभ्र एलईडी काढले. हे लावले की रस्त्यावर भर दुपार होते, म्हणाला. रुगुरू म्हणाली, धुक्यात भर दुपार केली तर मला धुकंच दिसेल, रस्ता नाही. आणि समोरच्याच्या डोळ्यात जाईल ते वेगळंच. तिने पस्तीसचे पिवळे बल्ब मागितले, तेही जोडीने, म्हणजे दोन्ही बाजूंचा उजेड सारखा पडेल. असलं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं येतं आणि तेवढं पुरतं, असं मुइगाई पुटपुटला, पण फळीवरची धूळ झटकून त्याने जोडी काढून दिली.

बल्ब तिने घरी अंगणात बसवले, काचेला बोट न लावता, रुमालात धरून. किमेमिया, तिचे वडील, ब्लँकेट गुंडाळून खुर्चीत बसून देखरेख करत होते. त्यांची उमर त्याच रस्त्यावर लॉरी चालवण्यात गेली होती, तेव्हा बल्ब बदलण्यावर त्यांचं मत असणारच. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायची रीत; म्हणून ते रुगुरूला लहानपणापासून आईच म्हणत.

“आई, अजून खाली कर. तुला झाडावरची माकडं बघायचीत की रस्ता?”

तिने गोठ्याच्या भिंतीवर चिकटपट्टी लावून उजेडाची उंची जुळवली. बाबांनी मान डोलावली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूपच झालं.

मंगळवारी सकाळी किनालेच्या जंगलात धुकं दाट होतं आणि नवे दिवे छान चालले. पिवळा उजेड जमिनीलगत पसरत होता, रस्त्याची कड स्वच्छ दिसत होती. रुगुरूला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. मग त्या उजेडात रस्त्याच्या मधोमध पाल्याची एक फांदी दिसली. थोडं अंतर सोडून दुसरी.

तिने वेग कमी केला. पुढे गाडी बंद पडल्याची ती खूण असते. ड्रायव्हर उतरतो, हाताला लागेल त्या झाडाच्या फांद्या तोडतो आणि मागून येणाऱ्यांसाठी रस्त्यात लांबपर्यंत टाकतो. गाडी सुरू झाली की आधी फांद्या उचलायच्या, मग निघायचं. न उचलता जाणाऱ्याला बाबा माणसात जमा करत नसत. रुगुरूने सिग्नल दिला आणि फांद्यांना वळसा घालून बंद पडलेली लॉरी दिसायची वाट पाहत राहिली. लॉरी आलीच नाही. जंगल संपलं, हमरस्ता लागला, तरी नाही.

“निघून गेला असेल तसाच,” बाबा म्हणाले. “हल्लीच्या पोरांना स्टिअरिंग मिळतं, वळण मिळत नाही.”

परतताना ऊन पडलं होतं. रस्त्यावर फांदी नव्हती, चिरडलेला पाला नव्हता, डागसुद्धा नव्हता. तिथे रोज गाजरांच्या जुड्या मांडून बसणाऱ्या न्यागुथीला तिने विचारलं, सकाळी इथे कुणाची गाडी अडली होती का. न्यागुथी उजाडायच्या आधीपासून तिथे होती आणि तिने काहीच पाहिलं नव्हतं.

“इथे पाला पडला असता तर माझ्या शेळ्यांनी देठासकट खाल्ला असता. तू रात्री झोपतेस ना गं नीट?”

रुगुरूने गाजरं घेतली आणि विषय सोडला. विषयाने मात्र तिला सोडलं नाही.

शुक्रवारी फांद्या जंगल लागायच्या आधीच दिसल्या, म्हणजे घराच्या जवळ. ह्या खेपेला ती गाडी कडेला घेऊन उतरली. पानं अरुंद, रुपेरी झाक असलेली; तोडलेल्या टोकाला चीक ओला; आणि कापरासारखा उग्र वास. तिने परत गाडीत बसून फॉग लाइट बंद केले, नुसते हेडलाइट ठेवले. रस्ता मोकळा. लावले, फांद्या होत्या. बंद केले, नव्हत्या. केंद्रात संशय आलेलं दूध ती जसं पुन्हा पुन्हा तपासायची, तसं तिने तपासलं. दर वेळी तेच. मग ती परत उतरली, एक फांदी उचलून बाबांना दाखवायला दारापाशी घेऊन आली, आणि तिची मूठ रिकामी होती. वास तेवढा राहिला होता.

बाबांनी तिच्या हाताचा वास घेतला. “लेलेश्वा,” ते म्हणाले. “हे झाड खाली दरीतल्या माई माहिऊ गावाकडच्या उन्हातलं. इथल्या गारठ्यात नाही उगवायचं.” मग काचेतून पुढे बघत म्हणाले, “नीट ठेवल्यात. घाईत टाकलेल्या नाहीत.”

ते घाबरले असते तर रुगुरूला चाललं असतं. त्यांचा तो शांत आवाज तिला सहन झाला नाही. दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिने उजेडाचा कोन, ओल्या डांबराची चमक, अपुरी झोप, सगळी कारणं लावून पाहिली. एकही कारण त्या वासाला लागू पडेना.

पुढच्या मंगळवारी फांद्या दूध केंद्राच्या वळणावर होत्या. तिथून मागे पाहिलं तर, धुकं नसेल तेव्हा, तिच्या घराचं पत्र्याचं छप्पर दिसायचं.

त्या संध्याकाळी ती मुइगाईकडे गेली आणि पांढरे एलईडी घेतले. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. मुइगाईच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. ती ते बसवत असताना बाबांनी अंगणातून पाहिलं आणि एवढंच विचारलं, आई, काय दिसू नये म्हणून हे?

शुक्रवारी एकही फांदी दिसली नाही. रस्ताही दिसला नाही. काचेपुढे चुना फासलेली भिंत उभी होती आणि गाडी तिच्यात शिरत होती. समोरून येणारे डोळे दिपून हॉर्न मारत होते, शिव्या देत होते. उतारावर त्या भिंतीतून एका लॉरीचं मागचं फळकूट बाहेर आलं, हातभर अंतरावर. रुगुरूने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी चारीत उतरून तिरकी थांबली. लॉरी खरोखरच बंद पडलेली होती. तिच्या ड्रायव्हरने रीतसर फांद्या टाकल्या होत्या, आणि रुगुरूची गाडी त्या चिरडत आली होती.

गाडी बाहेर निघेपर्यंत दुपार टळली. हॉस्पिटलने सांगितलं, आता मंगळवारीच या.

शनिवारपासून बाबांचे पाय फुगले. रविवारी त्यांना आडवं झोपता येईना. उशांना टेकून ते रात्रभर बसून राहत आणि रुगुरू शेजारी बसून त्यांचा श्वास मोजत राही. तिला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. भास टाळायला म्हणून तिने खरा माणूस पणाला लावला होता.

सोमवारी बाबा म्हणाले, “आई, पिवळेच लाव. जे दिसत नाही त्याच्यावर आपटण्यापेक्षा, जे दिसतं त्याला आपण वळसा घालू.”

तिने लावले. रुमालात धरून, जोडीने.

मंगळवारी धुकं गोठ्याच्या दारापर्यंत आलं होतं. तिने बाबांना धरून गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि श्वास रोखून दिवे लावले. अंगणात काही नव्हतं. फाटकाबाहेर काही नव्हतं. दूध केंद्राचं वळण मोकळं, जंगलाचं तोंड मोकळं. पिवळ्या उजेडात रस्त्याची कड सरळ पुढे जात होती. रुगुरूचे खांदे सैल झाले. ती बाबांना म्हणालीसुद्धा, बघा, गेलं सगळं. बाबांचा श्वास घरघरत होता. त्यांनी नुसतं हूं केलं.

किनालेच्या मध्यावर मागून एक मटाटू आला. त्याने लांबूनच सिग्नल दिला, वेग कमी केला आणि अख्खी दुसरी बाजू घेऊन, मोठा वळसा मारून पुढे गेला. मागोमाग एक लॉरी आली. तिनेही तसंच केलं. जाताना क्लीनरने खिडकीतून वाकून त्यांच्या गाडीकडे पाहिलं, अडलेल्यांकडे पाहावं तसं.

रुगुरूने वेगाच्या काट्याकडे पाहिलं. चाळीस.

खिडकीबाहेर बांबूचं एक बेट होतं. ती पाहत राहिली. ते बेट तिथेच होतं.

इंजिन चालू होतं. स्टिअरिंग हातात थरथरत होतं. काटा चाळीसवर.

धुक्यातून न्यागुथी आली, चालत. छातीशी रुपेरी पाल्याचा भारा. खिडकीजवळून जाताना तिने आत पाहिलं नाही. आरशात, मागच्या लाल उजेडात, ती वाकली आणि तिने एक फांदी रस्त्यावर ठेवली. मग थोडं मागे जाऊन दुसरी.

गाडीभर कापराचा वास पसरला.

“आई,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा होता, छातीत घरघर नव्हती. “गाडी का थांबवलीस?”

“थांबवली नाही, बाबा. चालतेय.”

बाबांनी बाहेर पाहिलं.

“मग मी चालत पुढे होतो. आता फार लांब नाही.”

त्यांनी दार उघडलं. वारा आत आला नाही. कितीतरी महिन्यांत तिच्या हाताच्या आधाराशिवाय ते एक पायरी उतरले नव्हते. ते उतरले, आणि गाडीपुढे जाऊन पिवळ्या उजेडात रस्त्याच्या मधोमध चालू लागले.

रुगुरूने ब्रेक दाबला. पाय तळाला टेकला. काटा हलला नाही, आणि त्यांच्यातलं अंतरही कमी झालं नाही.

तिचा हात फॉग लाइटच्या बटणावर गेला. बंद केले तर नक्की काय दिसेनासं होईल, हे तिला कळेना. हात तिथेच राहिला.

पुढे बाबांनी मागे न बघता हात खाली दाबल्यासारखा हलवला. लॉरीवाले करतात तो इशारा, हळू ये.

उघडं दार ओढून घ्यायला ती डावीकडे वाकली. दार बंदच होतं. आतून कडी लागलेली होती.

सीटवर कुणी नव्हतं. पट्टा लावलेलाच होता, पोटावरून ताणलेला, आणि तो हळूहळू वर येत होता आणि खाली जात होता. हा श्वास तिला पाठ होता. दोन रात्री तिने तोच मोजला होता.

पट्टा वर आला.

पट्टा खाली गेला. तो परत वर यायची ती वाट बघत राहिली.