दोन खुणांचं बिस्किट

थोरल्या मनिषाचं लग्न झालं आणि पेडगावच्या त्या घरात बाप आणि धाकटी लेक रोहिणी अशी दोनच माणसं उरली, त्या सालची ही गोष्ट. आई तर लेकी लहान असतानाच गेली होती. बाप सिद्धोधन, एसटीचे कंडक्टर. जिंतूरच्या गाडीवर सारी नोकरी झाली. निवृत्त होऊन घरी बसले आणि साखरेच्या आजारानं आधी पायाची बोटं नेली, मग डोळे. उजेड की अंधार, एवढंच कळायचं. खाटेशेजारी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला असे. चमचा पेल्यावर एकदा वाजला की रोहिणीनं हातातलं टाकून यायचं. दोनदा वाजला की समजायचं, माझं ठीक आहे, तू जा. एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. ती सवय काही सुटली नव्हती.

रोहिणी मात्र थांबलीच होती. चांगली चांगली स्थळं आली, तिनं परत पाठवली. "बाबाला कोण बघंल?" एवढंच बोलायची. आपल्यामुळं पोरीची गाडी थांब्यावरच उभी आहे, हे सिद्धोधनांच्या जिवाला लागून राहिलं होतं. पण बोलून काय करणार?

त्यांचं मागणं एकच. चहासोबत बिस्किट. गोड तर डॉक्टरांनी पार बंद केलेलं. मग रोहिणीनं मोबाइलवर बघून चीजची खारी बिस्किटं करायची ठरवली. मैदा, लोणी, किसलेलं चीज, थोडी मिरी, थोडा ओवा. पीठ मळलं, लाटलं, चौकोनी वड्या कापल्या आणि ताट फडक्यात बांधून ती मानवतला निघाली.

मानवतला एक भट्टी होती. घरचं सामान न्यायचं आणि तिथं भाजून घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. दिवाळी तोंडावर, त्यात परतीचा पाऊस बुरबुर लागलेला. पत्र्याखाली बायकांची ही गर्दी. घरोघरच्या ताटांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येकीनं आपल्या कच्च्या बिस्किटावर खूण करायची. कुणी बांगडीची कड दाबे, कुणी किल्ली, कुणी चमच्याची दांडी.

"खूण?" भट्टीपुढच्या तरुणानं विचारलं.

"कसली खूण?"

"तुमच्या घरची. न्हाईतर भाजून निघाल्यावर समदी जुळ्या बहिणीवानी दिसतेत."

"माझी मी ओळखीन."

"इथं लोकांना माणसं ओळखू येत न्हाईत," तो हसला, "तुमी बिस्किटं ओळखायलाव!"

रोहिणीला हसू आलं. तिनं ओढणीच्या टोकानं केसांतलं पाणी टिपलं आणि दुसरीकडं बघितलं... पण भट्टीच्या तोंडाचा तांबूस उजेड त्याच्या चेहऱ्यावर होता, तो पुन्हा एकदा दिसलाच. पुढं काही न बोलता त्यानं ताट आत सरकवलं. नागेश त्याचं नाव.

घरी येऊन तिनं डबा बाबांपुढं उघडला. आधी बाबानं खायचं, मग आपण, म्हणून तिनं तोंडातही घातलं नाही. सिद्धोधनांनी एक खाल्लं. जरा थांबले. मग म्हणाले, "झकास!" आणि संध्याकाळपर्यंत डबा अर्धा केला.

सकाळी ते हाकेला ओ देईनात. परभणीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. साखर भलतीच वाढली होती. सुया, सलाईन, सगळं झालं. घरी परत आल्यावर रोहिणीनं डब्यातलं बिस्किट जिभेला लावलं. गोड! चीजचा मागमूस नाही.

दुसऱ्याच दिवशी नागेश पत्ता विचारत येऊन दारात उभा. हातात पिशवी.

"मानवतच्या कमलबाई भट्टीवर भांडायला आल्या व्हत्या. मनल्या, दिवाळीला खारट बिस्किटं कोण करतंय? तवा कळलं... तुमची तिकडं, त्यांची इकडं."

"आता आणलीत?" रोहिणी दारातच आडवी उभी राहिली. "माझा बाप जाता जाता राहिला."

नागेशचा चेहरा उतरला. "खुणेबिगर ताट आत घालायचं न्हाई, ही आमची रीत हाय. मी मोडली."

"का मोडली?"

"तुमी हसलात..." तो खाली बघत म्हणाला, "मला पुढं बोलवंना."

आतून पेल्यावर एकदा टिंग झालं. दोघंही आत गेले.

"जय भीम, काका. चूक माझी झाली."

"जय भीम. बस." सिद्धोधनांचा आवाज अजून बारीकच होता. "चूक तुझी न्हाई आन् हिची बी न्हाई. पहिल्याच घासाला कळलं मला, गोड हाय मनून."

रोहिणी बघतच राहिली. "मग बोललाव का न्हाई, बाबा?"

"तू इतकी हौसेनं आणलीस. त्यात इतक्या सालांनी गोड लागलं जिभेला. वाटलं, गेलो तर गेलो... तुझी तर सुटका व्हईल."

रोहिणीनं त्यांचा हात धरला आणि ती रडली. नागेश हळूच उठून बाहेर गेला. पिशवी तिथंच राहिली.

पुढच्या सुट्टीला तो पुन्हा आला, तेव्हा डोक्यावर तेलाचा रिकामा डबा होता. एका बाजूनं दार कापलेलं, आत जाळी बसवलेली, तळाला वाळू.

"तुमाला घर सोडून मानवतला येणं होत न्हाई, मनून भट्टीच आणली."

खाटेवरून सिद्धोधन म्हणाले, "पोरगी बघायला लोक मोकळ्या हातानं येतेत आन् पोहे खाऊन जातेत. हा गडी भट्टी घेऊन आला!"

"बाबा!" रोहिणी लाजून चुलीकडं वळली. नागेश उगाच जाळी नीट करत बसला.

"मीठ वरून घालू नका," त्यानं सांगितलं. "चीज आधीच खारं असतंय. आन् पातळ लाटा, अजून... अजून. हां."

पहिला घाणा पुरीवानी टम्म फुगला. नागेशनं कुंपणाच्या बाभळीचा काटा मोडून आणला. "भोकं पाडली की वाफ निघून जाती."

"भोकं पाडायचीत?" सिद्धोधन उठून बसले. "मग तो मान कंडक्टरचा. पेटीतला माझा चिमटा काढ."

तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा पेटीत होता. रोहिणीनं तो उकळत्या पाण्यात धुतला. सिद्धोधन चाचपून एकेक वडी हातात घेत आणि कोपऱ्यात भोक पाडत. टिक. टिक. "तिकीट, तिकीट! पुढं सरका, बाई!" मनिषा सासरी गेल्यापासून ते घर पहिल्यांदा हसलं. मधली भोकं रोहिणीनं पाडली आणि वड्या भट्टीत गेल्या.

"झाली की तुमच्या घरची खूण," नागेश म्हणाला. "कोपऱ्यातलं भोक."

"आन् तुमच्या घरची?"

"माझी कुठली? आई-बाप दर साली दसऱ्यानंतर ऊसतोडीला. दिवाळीत आमच्या घराला कुलूप. बिस्किटं कधी केलीच न्हाईत, तर खूण कशाची?"

हे त्यानं हसतच सांगितलं. पण रोहिणीच्या हातातलं लाटणं थांबलं. पिठानं पांढरं झालेलं त्याचं मनगट तिनं ओढणीच्या टोकानं पुसलं... आणि आपण काय केलं ते ध्यानात येताच ती आत पाणी आणायला गेली.

हिवाळाभर सुट्टीच्या दिवशी तो येत राहिला. पत्र्याच्या भट्टीतून चीज भाजल्याचा खमंग वास सुटे आणि सिद्धोधन वासावरून सांगत, "काढा आता, करपतंय." साखर ताब्यात होती. पण माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता, हे तिघांनाही कळत होतं.

माघात मनिषा जिंतूरचं स्थळ घेऊन आली. रोहिणी दारातच म्हणाली, "न्हाई मनून सांग, अक्का. बाबाला कोण बघंल?" नागेश तेव्हाच अंगणात आला होता. त्यानं ऐकलं. मनिषा गेल्यावर तो पीठ मळतच राहिला.

"लय मळायलाव," रोहिणी म्हणाली. "चिवट व्हतील."

"दोघांनी बघितलं तर?"

"काय?"

"काकांना. एकीनं बघायच्या ऐवजी... दोघांनी."

तिची कानशिलं तापली. "म्हणजे तुमी पेडगावात ऱ्हाणार? लोक घरजावई मनतील."

"ज्याच्या घराला निम्मं साल कुलूप, त्याला लोकांनी घरजावई मनलं तर इज्जतच वाढली की माझी!" मग तो हळूच म्हणाला, "तुमी न्हाई मनलं तरी चालंल. मी सुट्टीला यीनच."

रोहिणीनं आधी लाटून ठेवलेल्या वड्यांचं ताट पुढं ओढलं. मग म्हणाली, "बाबाला सांगायचं कुणी? मला तर बोलवणार न्हाई."

"मला बी न्हाई."

तिनं बाभळीचा काटा उचलला आणि त्याच्या हातात दिला. "मग तुमची खूण करा."

कोपऱ्यात बाबांच्या चिमट्याचं भोक पाडलेल्या एका वडीवर त्यानं मधोमध काट्यानं फुली टोचली. त्याच्या घराची पहिली खूण.

बिस्किट भाजून निवलं, तसं तिनं ते बाबांच्या तळहातावर ठेवलं. सिद्धोधन तोंडाकडं नेणार, तेवढ्यात त्यांचं बोट थांबलं. कोपऱ्यावरून फिरलं, मग मध्यावर आलं, आणि पुन्हा एकदा सावकाश फिरलं.

"कोपऱ्यातली तर आपली," ते म्हणाले. "मधली कुणाची?"

नागेश दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"ती बी आपलीच, बाबा."

बिस्किट सिद्धोधनांनी मुठीत धरून ठेवलं. बंद पापण्यांच्या कडेनं पाणी आलं, ते पुसलं नाही. मग दुसऱ्या हातानं चमचा चाचपला आणि पेल्यावर वाजवला.

टिंग. आणि जरा थांबून, आणखी एकदा... टिंग.

वैशाख पौर्णिमेला गावातल्या विहारात रोहिणी आणि नागेशचं लग्न लागलं. नागेशचे आई-बाप तोड संपवून आले होते. जेवायला बसलेल्या प्रत्येकाच्या पत्रावळीवर दोन खुणांचं एकेक बिस्किट होतं, आणि कोपऱ्यातलं भोक सिद्धोधनांनी स्वतः पाडलेलं होतं.

सिद्धोधन कंडक्टर त्याच पावसाळ्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पेडगावात आपल्या घरी वारले. लेक आणि जावई दोघंही जवळ होते.