भाऊरावांचा उपवास

"बिनधास्त खा म्हणे! आधी स्वतः खा म्हणावं!" गार्गीने क्षमामावशीचा लॅब-रिपोर्ट बाकावर आपटला.

"हळू गं! फाटेल ना तो," निहार म्हणाला.

"फाटू दे! नाहीतरी मोठी माणसं वाचतात कुठे?"

मे महिन्याची सुट्टी निम्मी संपली होती आणि मोठ्या माणसांवरचा गार्गीचा विश्वास पुरताच. भांडुपच्या त्यांच्या कॉलनीमागे तलाव होता. तलावाला मिळणाऱ्या नाल्यावर भाऊरावांची शेड होती. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचे आणि धुवण गुपचूप नाल्यात सोडायचे. गार्गी, निहार आणि हर्षदने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि हेच भाऊराव तलाव समितीचे अध्यक्ष! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

हर्षदचे आजोबा गुणाजी रोज गळ टाकून तलावातली चिलापी मासळी काढायचे. ती जायची हर्षदच्या सुलक्षणाकाकीच्या पानात, कारण काकीला सातवा महिना होता. म्हणून तर तिघांनी एक मासा क्षमामावशीच्या लॅबमध्ये पोचवला. माशात शिसं निघालं, तेही भरपूर.

"बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो, आजोबा!" हर्षद काकुळतीला आला होता.

"गप रे! भाऊरावांनी बोर्ड लावलेलो आसा मा? पाणी चोख आसा!"

बोर्ड खोटा नव्हता. समितीच्या हुशार मंडळींनी वरवरचं पाणी तपासून घेतलं होतं. पण शिसं बसतं तळाच्या गाळात. गाळातून ते किड्यांत जातं, किड्यांतून माशांत, आणि साठत राहतं. मासा तपासायचं एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं. भाऊराव तर रिपोर्टकडे न बघताच म्हणाले होते, "बाळ, मासे बिनधास्त खा आणि शाळेच्या पुस्तकात लक्ष घाल."

बाळ म्हणे!

"रविवारी तलाव महोत्सव आहे," गार्गी म्हणाली. "लोक कागद वाचत नाहीत ना? मग भाऊरावांचं तोंड वाचू देत!"

रविवारी भाऊराव माइकला चिकटले होते. "आपला तलाव, आपली मासळी! बिनधास्त खा!" टाळ्या वाजल्या. तेवढ्यात गार्गी बशी घेऊन मंचावर चढली. बशीत रवा लावून तळलेल्या माशाच्या दोन गरमागरम तुकड्या होत्या.

"काका, पहिला घास अध्यक्षांचा!"

भाऊरावांचा चेहरा पडला. "अगं... आज माझा उपवास."

"उपवास?" निहार खालून ओरडला. "मग मघाशी दोन प्लेट कोंबडी-वडे कोणी हाणले?"

मैदान खदखदून हसलं. भाऊरावांनी बशी लोटली. "नको म्हटलं ना! ती तलावातली घाण लांब ने!"

माइक चालूच होता.

हसू थांबलं. गुणाजी मंचापाशी आले, बशी घेतली आणि नाकाशी धरली. "गो, ही तर सुरमय! दर्यातली!"

"बाजारातूनच आणलीय, आजोबा. मी तलावातली म्हटलंच नव्हतं. घाबरले ते स्वतःच!"

गुणाजींनी बशी भाऊरावांपुढे धरली. "भाऊराव, जी घाण तुमच्या तोंडाक नको, ती माझ्या सुनेन खावची?"

भाऊराव माइक सोडून मागे सरले. क्षमामावशीने तोच रिपोर्ट माइकवर वाचला. कालपर्यंत ज्यांना तो दिसत नव्हता, ते आता कान टवकारून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले आणि शेडला टाळं लागलं. काकीचं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "शिसं थोडं वाढलंय, पण वेळेत कळलं. शाबास पोरांनो!" समितीनेही तिघांना शाल-श्रीफळ दिलं. "आम्हाला पहिल्यापासून शंका होतीच," असं एकूण अकरा जणांनी सांगितलं. गार्गीने मोजले होते.

गुणाजींनी मात्र कसलंच भाषण केलं नाही. त्यांनी गळ माळ्यावर टाकला. आता ते बाजारातून बांगडे आणतात, पण जिना चढण्याआधी पिशवी गार्गीपुढे उघडतात.

"बघ गो, चलतले मा?"

गार्गी गंभीरपणे डोकावते. "चालतील, आजोबा."

मगच पिशवी वर जाते.