पहिली चूळ

देवगडात त्या काळी सकाळची पहिली चूळ मोरीत टाकणं हा काही गुन्हा नव्हता, पण चारचौघांत कबूल करावी अशीही ती गोष्ट नव्हती. सभ्य माणसं उठल्याउठल्या, दात घासण्याआधी, घोटभर खारं पाणी तोंडात खळखळवत आणि काचेच्या टाकीत सोडून देत. टाकी बैठकीच्या खोलीत असे. पाहुणे तिच्यासमोर बसून पोहे खात आणि 'छान वाढलंय हो तुमचं' म्हणत.

त्र्यंबकराव सोहोनींना या प्रकाराची शिसारी येई. एकोणचाळीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत पिण्याचं पाणी तपासलं होतं. माणसाच्या तोंडात कायकाय नांदतं ते त्यांनी भिंगाखाली पाहिलं होतं, आणि पाहिलेलं विसरण्याची त्यांना सवय नव्हती. घरात त्यांचा पेला निराळा, त्यावर नाव कोरलेलं. लग्नाच्या पंगतीत मंदाकिनीबाईंनी भरवलेला जिलबीचा तुकडा त्यांनी मान मागे टाकून वरून झेलला होता. फोटोग्राफरला तो फोटो तीनदा घ्यावा लागला.

मंदाकिनीबाईंना जाऊन आता वीस दिवस झाले होते. टाकी त्यांची होती. तिच्यातलं प्रवाळ भराभर पांढरं पडू लागलं, म्हणून सागरकेंद्रातून डॉ. रेवा पेडणेकर आपली पेटी घेऊन आली होती. तिने टाकीत डोकावून पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली.

"काका, खरं सांगा. टाकीला काय केलंत?"

"स्वच्छता."

"म्हणजे?"

"तेराव्याला घर धुतलं. टाकी तेवढी कशी वगळणार? सगळं पाणी काढलं, दगड ब्रशने घासले, गाळून उकळलेलं पाणी भरलं. मीठ मोजून घातलं हो, तुमच्या तक्त्याप्रमाणे."

"कुठलं मीठ?"

"सैंधव. उपासाला चालतं ते. वरून थोडं गंगाजल."

रेवाने डोळे मिटून घेतले. "काका, हे समुद्रातले प्राणी आहेत. यांना एकादशी नसते."

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. एकमेकांना चिकटून बसलेले ते हजारो इवलेसे प्राणी असतात. पूर्वी त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राही. ते उन्हात अन्न तयार करी आणि आसरा देणाऱ्याला जेवू घाली. समुद्र तापला, शैवाल बाहेर पडलं, आणि जगभरची प्रवाळं पांढरी होऊन उपाशी मेली. मग कुणा संशोधकाने, कोणत्या प्रेरणेने ते देव जाणे, त्यांच्यावर थुंकून पाहिलं. माणसाच्या तोंडातला एक जंतू थोडा बदलला, तर तो शैवालाची जागा घेतो आणि तापलेल्या पाण्यातही टिकतो, असं निघालं. त्याचं नाव ठेवलं मुखवासी. जिभेवर एकदा थेंब घ्यायचा, की तो त्या तोंडात कायमचा मुक्काम करी आणि हळूहळू त्या माणसाच्या वळणाचा होई. प्रवाळाला मात्र रोज नवी भर लागे, तीही ओळखीच्या तोंडाची. परक्या तोंडातले मुखवासी ते ओकून टाकी. टाकीत वाढलेले तुकडे दरवर्षी समुद्रात लावले जात. थोडक्यात, अरबी समुद्राचा तो कोपरा देवगडकरांच्या उष्ट्यावर जगत होता.

त्र्यंबकरावांनी थेंब घेतला नव्हता. पण बाई शेवटचे अकरा दिवस इस्पितळात होत्या, तेव्हा त्यांची चूळ डब्यात भरून रोज घरी आणली ती त्यांनीच. डबा तीन पिशव्यांत गुंडाळलेला, हात अंगापासून शक्य तितका लांब. ओतताना तोंड फिरवून घेत, पण एक दिवस चुकला नाही.

रेवाने खरं समुद्री मीठ कालवून पाणी बदललं, पंप उघडून साफ केला, आणि पंपामागच्या फटीत तिचा हात थांबला. तिथे ब्रश पोचला नव्हता. नखाएवढा तुकडा अजून तपकिरी होता.

"एवढंच उरलंय," ती म्हणाली. "काकूंचे मुखवासी यातच काय ते जिवंत आहेत. आठवडाभर टिकतील."

"मग?"

"मग दुसरं रोप देते मी. तुम्ही थेंब घ्या, ते तुमच्या तोंडावर वाढेल."

"मला दुसरं नकोय." त्र्यंबकरावांचा आवाज जरा चढला. "हेच जगवायचं तर काय करावं लागेल?"

"तुम्हाला झेपणार नाही."

"सांगा तर."

"याला बोट लावलं की हे बुळबुळीत तार सोडतं. त्या तारेत काकूंचे मुखवासी असतात. ती तोंडात धरायची. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास, चाळीस दिवस. धरून झालेली तार परत यालाच द्यायची, म्हणजे तोवर हे तग धरेल. तेवढ्यात ते तुमच्या तोंडात वस्ती करतील, आणि मग तुमची चूळ याला चालेल."

त्र्यंबकराव तुकड्याकडे पाहत राहिले. "याला तोंड एकच असतं ना? ज्या वाटेने खातं—"

"त्याच वाटेने टाकतं. हो."

"आणि ही तार?"

"त्या वाटेच्या आसपासचीच." रेवाला दया आली. "डोळे मिटून घ्या, काका."

"डोळ्यांनी थोडंच चाखायचंय!"

चव कशी होती ते त्यांना सांगता आलं नसतं. तुलनेला लागणारी एकही वस्तू त्यांनी जन्मात तोंडात घातली नव्हती. तार जिभेखाली सरके, दाढेमागे जाऊन बसे, आणि काढू म्हटलं तर लांबत लांबत हनुवटीपर्यंत येई. पहिले नऊ दिवस ते रोज दोन वेळा ओकले. ओकून झाल्यावर नवी तार घेऊन घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावत. दहाव्या दिवशी ओकले नाहीत, आणि त्याचीच त्यांना जास्त किळस आली.

चाळिसाव्या दिवशी रेवा आली. त्र्यंबकरावांनी तिच्यादेखत चूळ भरली आणि टाकीत सोडली. तुकडा आता रुपयाएवढा झाला होता. क्षणभर काही हललं नाही. मग त्याच्या अंगावरचं एकेक तोंड उघडलं, बोटं बाहेर आली, आणि सगळं प्रवाळ मिटक्या माराव्यात तसं चूळ खाऊ लागलं.

"घेतलं!" रेवा ओरडलीच. तिने त्यांच्या जिभेवरून कापूस फिरवून यंत्रात घातला. "काका, कमाल आहे. यंत्र म्हणतंय, हे तोंड मंदाकिनी सोहोनींचं."

"माझं कुठे गेलं?"

"तुमचे मूळचे जंतू ना? काकूंच्या फौजेपुढे टिकले नाहीत. पार गेले."

त्र्यंबकरावांनी रुमालाने तोंड पुसलं. "हे रोपटं एकदा समुद्रात लागलं, की मला माझं परत मिळेल?"

"मिळतं की. घरच्यांकडून आणतो आम्ही." रेवाने यंत्रावर नवं पान उघडलं. "आपलं तोंड थोडं थोडं सगळ्यांकडे असतं, काका. कुणाला घास भरवलेला असतो, कुणाच्या कपातला चहा घेतलेला असतो, नातवाचा पापा घेतलेला असतो. त्यांच्यातून वेचून काढायचं. एक नाव पुरतं."

"नाव?"

"तुमचं उष्टं कुणी खाल्लंय त्याचं."

त्र्यंबकराव आठवू लागले. नागपूरची मुलगी आठवली. तिला ते चमच्याने भरवत, आणि चमचा आधी उकळत. भाऊ आठवला. शाळेत डबा खाताना शेजारी बसणारा मुलगाही आठवला. पेन धरून रेवा थांबली होती. टाकीतली तोंडं उघडीच होती.

नाव सुचेना. त्यांनी आवंढा गिळला, आणि तोही त्यांचा नव्हता.