खलनायकाचा पांढरा कोट

ज्यांना खोटं वाटेल, त्यांनी खुशाल खोटं समजावं. पण मनसाराम बोरकुटे आजही गडचिरोलीतल्या वडशात राहतो. हा प्रसंग त्याच्या तोंडून ऐकलेली माणसंही तिथंच आहेत. ही प्यायला बसल्यावर सांगितलेली गोष्ट नाही. मनसाराम पीत नाही.

जानेवारी महिना होता. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. एटापल्लीच्या रस्त्यापासून बरंच आत, जंगलातलं एक गाव. नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना अजून तिथंच राहायचं आहे.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपार होती.

मनसाराम म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांतला नावाजलेला खलनायक. अर्धं आयुष्य त्यानं स्टेजवर सुना जाळल्या, भाऊ मारले, जमिनी लाटल्या. बाजारात बाया त्याला पाहून थुंकायच्या. तो घरी येऊन बायकोला कौतुकानं सांगायचा, "आज तिघी थुंकल्या वो!"

त्या वर्षी मात्र नाटक कंपनीचा लेखक सुनिल भलतंच घेऊन बसला. सुनिलला मोबाइलवर जुने अमेरिकन सिनेमे पाहायचा नाद. तेही दवाखान्याचे, काळे-पांढरे. लांबच लांब व्हरांडे, कडक इस्त्रीच्या नर्सा, पेशंटच्या उशाशी जागणारा डॉक्टर. त्यातल्या एकात म्हणे, जन्मभर गुंड झालेल्या नटालाच डॉक्टर केलं होतं. सुनिलच्या डोक्यात ते पक्कं बसलं.

"मले कोन डॉक्टर मानन रे?" मनसाराम हसला.

"म्हणूनच तं मानन, भाऊ. खून करनारा हात नाडी पाहून राह्यला, हे पाहूनच पब्लिक रडन."

तालमीत सुनिलनं त्याला नाडी पाहायला शिकवलं. बोटं मनगटावर, नजर घड्याळावर. मनसारामनं बायकोची नाडी पाहिली, शेजाऱ्यांची पाहिली, चहावाल्याचीही सोडली नाही. एवढा जीव त्यानं आजवर एकाही भूमिकेत ओतला नव्हता.

तर त्या गावात शंकरपट होता. दिवसा बैलजोड्यांच्या शर्यती, रात्री नाटक. पट भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष जंगूभाऊ. त्यानं कंपनीला उतरवलं गावच्या आरोग्य उपकेंद्रात. कुलूप इतकं गंजलेलं की दगडानं फोडावं लागलं.

"रिकामंच राह्यते जी," जंगूभाऊ म्हणाला. "सिस्टरबाई लावली होती, ते येत नाई. डॉक्टर तं कधी आलाच नाई. आराम करा तुमी."

जेवणं झाली. सगळे पट पाहायला गेले. मनसाराम एकटाच मागं राहिला. त्याला आपली वाक्यं घोकायची होती.

त्यानं पांढरा कोट चढवला. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला. टेबलावरची धूळ पुसली, खुर्ची ओढली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "घाबरू नका. मी आलोय."

लांबून पटाचा गलका येत होता. भोंग्यावर जोडीचं नाव, मग आरोळ्या, शिट्ट्या.

आणि मग… तो गलका थांबला.

हळूहळू कमी झाला नाही. एकदम थांबला.

पाखरांचा आवाज नाही. वारा नाही. लांबच्या मोठ्या रस्त्यावरून ट्रकांची बारीक घरघर सकाळपासून येत होती, तीही नाही.

मग व्हरांड्यात कुणीतरी खोकलं…

मनसारामनं दार उघडलं.

भिंतीला टेकून माणसं बसली होती. रांगेनं. म्हातारे, बाया, मांडीवर पोरं घेतलेल्या आया. सगळे गप्प. पोरंसुद्धा गप्प.

पहिला म्हातारा उठून आत आला आणि समोरच्या खुर्चीत बसला. हात पुढे केला.

"मी डॉक्टर नाई, बाबा," मनसाराम म्हणाला. "नाटकातला आहो."

"मालूम हाय."

"मंग?"

"कोनी तं आलं ना."

मनसारामला हसू आलं. नटाला पाहायला लोक काहीही निमित्त काढतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून त्यानं मनगट धरलं.

हात गार होता.

नाडी लागेना. त्यानं बोटं सरकवली, दाबली, पुन्हा सरकवली. आपल्यालाच जमत नसेल, असं त्याला वाटलं. म्हातारा वाट पाहत होता. काहीतरी म्हणायला हवं म्हणून मनसारामनं नाटकातलं वाक्य म्हटलं, "घाबरू नका. मी आलोय." म्हाताऱ्यानं मान हलवली. तो उठला आणि निघाला. गावाकडे नाही… जंगलाकडे.

दुसरी एक बाई आली. तिचाही हात तसाच.

तिसरा.

तेव्हा मनसारामनं टेबलाखाली स्वतःचं मनगट चाचपलं. त्याची नाडी नुसती धावत होती.

म्हणजे बोटं चुकत नव्हती.

"मंग पळाला काऊन नाई?" लोक त्याला विचारतात. त्यावर तो एकच सांगतो, "रांग होती ना. एवढे लोक बसले होते."

तो एकेकाचा हात धरत राहिला. तेच वाक्य म्हणत राहिला. कुणी औषध मागितलं नाही. कुणी आजार सांगितला नाही. वाक्य ऐकायचं आणि उठायचं.

सगळ्यांत शेवटी एक कोवळी पोरगी आली. पोटुशी. लुगडं कमरेपर्यंत ओलं. जानेवारीत…

ती बसली. त्याच्याकडे बघत राहिली आणि चक्क हसली.

"तुमी तं त्या बाईले विहिरीत ढकललं होतं ना? मागच्या पटात? लय शिव्या देल्या मी तुमाले."

मागच्या वर्षी याच गावात त्यानं तो प्रयोग केला होता.

"नाव काय तुझं, बाई?"

"करिश्मा."

"काय होऊन राह्यलं तुले?"

तिनं पोटावर हात ठेवला. "आता काईच नाई होत."

तिचा हात त्यानं धरला. पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघेना. स्टेजवर त्याची वाक्यं कधीच अडली नव्हती. इथं अडली. ती वाट पाहत बसली… बसूनच राहिली…

आणि भोंगा वाजला. आरोळ्या, शिट्ट्या, सगळं एकदम परत आलं.

त्याची मूठ रिकामी होती. व्हरांडाही रिकामा होता.

समोरची खुर्ची मात्र ओली होती. पाणी अजून खाली टपकत होतं.

तो कोटासकट पटाच्या मैदानाकडे धावला आणि त्यानं जंगूभाऊला गाठलं.

"करिश्मा कोन हाय गावात?"

"करिश्मा? मडावीची सून? ते तं पावसाळ्यातच गेली जी." जंगूभाऊची नजर बैलांवरच होती. "बाळंतपनाची होती. हेमलकशाच्या दवाखान्यात नेत होते, पन नाल्याले पूर. पान्यातून परत आनली न् उपकेंद्रातच ठेवली, वरांड्यात. आत कुठी नेतील, कुलूप होतं ना."

"कुलूप तं तुमी आज दगडानं फोडलं."

"हाव. कंपनी येनार होती ना."

मनसाराम तसाच मागं फिरला.

रात्री नाटक तुफान रंगलं. नाटकातला पेशंट मेला, तेव्हा अख्खा मंडप ढसाढसा रडला. जंगूभाऊही रडला. खिशातून रुमाल काढून रडला. मनसारामनं ते स्टेजवरून पाहिलं. लोकांना त्याच्याही डोळ्यांत पाणी दिसलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते पाणी रागाचं होतं, हे कुणाला कळणार?

त्या हंगामात प्रयोगांवर प्रयोग झाले. सुनिल खूश. आता बाजारात बाया मनसारामच्या पाया पडतात. त्याला ते सहन होत नाही. "थुंकत होत्या तेच बरं होतं," असं तो बायकोला म्हणतो. कुणी हात पुढे केला की आधी तो हाताकडे बघतो, मग तोंडाकडे. धरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याला जंगूभाऊचा फोन आला होता. गावाला अखेर खराखुरा डॉक्टर मिळाला होता. तरुण पोरगा, नागपूरकडचा. सकाळी हजर झाला. दुपारी दवाखान्यात एकटाच बसला. संध्याकाळी बॅग तिथंच टाकून निघून गेला. का गेला, ते कुणाला सांगितलं नाही. आता फोनही उचलत नाही.

"तं लोक म्हनून राह्यले, भाऊ…" जंगूभाऊ अडखळला. "तुमीच येता का? दुपारच्यान. नुसते येऊन बसा."

"कोन लोक?" मनसारामनं विचारलं.



फोन चालू होता. जंगूभाऊच्या श्वासाचा आवाज येत होता. मागं आणखी कुणीतरी खोकत होतं…

"कोन लोक म्हनून राह्यले, जंगूभाऊ?"