चतुराबाईचा नंबर

ही घटना खरी आहे. देवेशला विचाराल तर तो नाही म्हणेल. त्याचंही बरोबर आहे, नाही म्हणण्यातच त्याचा फायदा आहे.

आधी त्या दिवशी त्याला काय मिळणार होतं ते ऐका. वाळूजच्या कंपनीतली नोकरी सोडलेली. पुंडलिकनगरातल्या घरात बायको, पद्मजा, एकटी कमावती. आणि दारात एक जुना अवजड ट्रक, ज्याचं त्यानं दीड वर्ष खपून फिरतं घर केलं होतं. आत पलंग, ओटा, न्हाणीघर. छतावर सोलर, खाली पाण्याची टाकी. रस्ता नसलेल्या माळावर जाऊन राहा, आठवडाभर कुणापुढं हात पसरायला नको. आप्पासाहेब हे त्याचं पहिलंच गिऱ्हाईक. त्यांना हा पसंत पडला तर ते असे आणखी तीन करून घेणार होते. म्हणजे धंदा उभा, सासरेबुवांचं तोंड बंद आणि शेजाऱ्यांची "सध्या काय करता?" ही गोड चौकशीही बंद.

आप्पासाहेबांची जमीन नुकतीच प्लॉटिंगमध्ये गेली होती. पैसा आला होता, विश्वास मात्र कुणावरच नव्हता.

"लाईटीचं सोडा," ते म्हणाले, "पाण्याचं बोला. आमच्या मंडळींना अंघोळीला दोन बादल्या लागत्यात. चिडल्या की तीन."

अट साधी होती. नळ नाही, विहीर नाही अशा जागी एक दिवस राहायचं, मनसोक्त पाणी वापरायचं. दुसऱ्या सकाळी टाकीचा काटा अर्ध्याच्या वर असला, तर सौदा पक्का.

२०१६ चा मे महिना. दुष्काळाचा कहर. चितेगाव ओलांडून आत गेलं की एक पाझर तलाव लागतो, तो पार आटलेला. देवेशनं ट्रक थेट तळात उतरवला. भेगाळलेली माती, वर पांढरी धूळ. भर दुपार. चिटपाखरू नाही.

इथं त्याच्या हातून चूक झाली.

हा ट्रक आधी पाण्याचा टँकर होता. देवेशनं सगळं बदललं, पण हॉर्न तेवढा हौसेनं ठेवला. तीन सुरांचा.

"वाजवा की एकदा," आप्पासाहेब म्हणाले.

त्यानं वाजवला. चांगला लांब.

टंचाईतल्या गावांत या आवाजावर बायका हातातलं टाकून पळतात. जिची घागर आधी टेकली तिचा नंबर आधी. मग ती सावलीला बसो, नाही तर घरी जाऊन येवो. रांगेतल्या घागरीला दुसरं कुणी हात लावत नाही. देवेशला हे ठाऊक होतं. पण ते बातम्यांमध्ये पाहिलेलं ठाऊक.

आप्पासाहेब अंघोळीला शिरले.

तेवढ्यात मागून आवाज आला...

ठण्ण.

देवेश खाली उतरला. ट्रकच्या मागं एक कळशी ठेवलेली. स्टीलची, गळ्याला लाल चिंधी बांधलेली. शेजारी, चाकाच्या सावलीत, एक म्हातारी उभी.

"आला व्हय रं बापू टँकर? लई वाट पाह्यली."

"आजी, हा टँकर नाही. पाणी नाही यात."

नेमकं तेव्हाच न्हाणीघराचं सांडपाणी खालच्या पाइपातून सुटलं. साबणाचा फेस... दोघांच्या मधोमध, धुळीत.

म्हातारी बघत राहिली.

"मग ह्ये काय गळतंय, लेकरा?"

एक कळशी दिली असती तर काटा हललाही नसता. पण देवेशचं डोकं पुढं धावलं. एकीला दिलं की गाव जमणार. गाव जमलं की टाकी रिकामी.

"इंजिनचं पाणी आहे," तो म्हणाला.

"बरं बरं. थांबते मी. नंबर हाय माझा."

तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

"कोण होतं?" टॉवेलनं डोकं पुसत आप्पासाहेबांनी विचारलं.

"कुणी नाही."

थोड्या वेळानं... ठण्ण.

त्यानं खिडकीतून पाहिलं. म्हातारी नव्हती. कळशी मात्र पुढं सरकलेली.

पुन्हा... ठण्ण.

आणखी पुढं. पाइपाच्या दिशेनं.

तळ मैदानासारखा सपाट. लपायला झुडूपही नाही. तो खाली उतरला. सगळ्या धुळीत पावलं उमटली होती... फक्त त्याच्या बुटांची.

त्यानं कळशीला हात लावला नाही. लावायला हवा होता, चांगल्या पाण्यानं भरून द्यायला.

ऊन कललं, आप्पासाहेबांची दुसरी अंघोळ झाली, तसे दोघं जण बांध उतरून आले. पुढच्यानं स्वतःच नाव सांगितलं, कडुबा.

"दुपारी हॉर्न तुम्हीच दिला का?"

"हो... गंमत म्हणून."

"आमच्या चुलतीनं ऐकला. चतुराबाईनं. कळशी घेऊन पळत सुटली. बांध चढतानाच पडली. ऊन लागलं."

"आता कशी आहे?"

"पडली ती उठलीच न्हाई. बांधाच्या पल्याडच."

देवेशची नजर चाकाच्या सावलीकडं गेली.

"कळशी तेवढी घावंना. हिकडं कुणी आलं होतं का?"

आप्पासाहेब दारात उभे होते.

"नाही," देवेश म्हणाला. "कुणीच आलं नाही."

कडुबा ट्रकच्या मागं गेला आणि थबकला.

कळशी पाइपाखाली होती. काठोकाठ भरलेली. वर साबणाचा फेस.

त्यानं वाकून वास घेतला. पाइपाकडं पाहिलं. मग देवेशकडं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"ओतून टाका ते," देवेश कसाबसा म्हणाला. "चांगलं पाणी देतो भरून."

"ऱ्हाऊ द्या. तिच्या नंबराला आलंय."

त्यानं कळशी खांद्यावर घेतली आणि थेंबही न सांडता बांध चढून गेला.

सकाळी काटा अर्ध्याच्या बराच वर होता. आप्पासाहेब खूष झाले. ती म्हातारी चतुराबाईच होती का, कळशी सरकवली कुणी, ते देवेशला आजवर कळलेलं नाही. पद्मजालाही त्यानं निम्मंच सांगितलं, ते म्हणजे कडुबा येण्याआधीचं. नव्या गाडीची चाचणी असली की आत कुणी अंघोळ करताना हा बाहेर पाइपापाशी जाऊन उभा राहतो. कामगार हसतात.

हिशेब मांडायचा तर आप्पासाहेबांना गाड्या मिळाल्या, देवेशला कारखाना, पद्मजाला स्वस्थता. सगळ्यांचं भागलं.

भरलं एकट्या चतुराबाईनं. आणि मोबदल्यात तिला मिळालं ते परक्याच्या अंघोळीचं पाणी.