येमूलचा डावा गुडघा

बाहेर सोलापूर तापलं होतं आणि आत बर्फमैदानाच्या पायऱ्यांवर लोक चादरी पांघरून शेंगाचटणी-भाकरी खात होते. मल्लेश येमूल आज पहिल्यांदाच त्यांच्यात बसला होता. आइस हॉकीत या शहराचा गोल त्याने इतकी वर्षं राखला, की त्याने अडवलेल्या चकत्या लोकांना तोंडपाठ होत्या. सुटलेल्या त्यांनी केव्हाच पंचांच्या नावावर टाकल्या होत्या.

आज गोलमध्ये लडाखची रिगझिन होती. तिने काठी खांबावर दोनदा आपटली.

मल्लेशचा घास हातातच राहिला. ती सवय त्याची होती.

गोलरक्षकाचं कवच स्नायूधाग्याचं असतं. घालणाऱ्याची प्रत्येक हालचाल धागा लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी मनाच्या आधी अंग ओढतो. निवृत्त होताना मल्लेशने एकच अट घातली होती: नव्या पोरीला कोरा धागा द्या.

डावीकडून चकती आली. रिगझिनने ती अडवली, पण डावा पाय अर्धाच वाकवून. पायऱ्यांवर आरोळी उठली, "येमूल! येमूल!"

मध्यंतरात तो खाली धावला. कवचं विणणारे नरसूमामा, त्याच्या आईचे भाऊ, तिथेच होते.

"मामा, धागा कोरा होता ना?"

"कोराच की. जुन्या कवचाच्या धाग्यांची टोकं मागावर होती, त्यांना नव्या ताण्याच्या, उभ्या धाग्यांच्या, गाठी मारल्या. सगळं नव्यानं ओवत कोण बसतंय? येड्या, आमच्यात असंच करतात."

"गाठीतून माझी आठवण पुढं गेली, मामा! माझा फुटका गुडघासुद्धा!"

मामांचा चेहरा पडला. बाकावर रिगझिन मांडी चोळत होती. "गुडघा चांगला आहे, दादा, पण कवच वाकवूच देत नाही. सगळा भार मांडीवर येतो. महिनाभर वाटतंय, मीच वाईट खेळते."

"तसंच खेळलीस तर पाय जाईल. काढ ते."

"कशाला?" संघाच्या व्यवस्थापक शोभनाताई बिराजदार मध्ये पडल्या. "जिंकतोय आपण. लोक खूश आहेत. मल्लेश, तुमचंच तर नाव घेतायत."

"म्हणूनच म्हणतोय! ताई, मी निवृत्त झालोय. मला होऊ तरी द्या!"

"आणि हरलो तर?"

"तर हरू. पाय तिचा आहे, तिला विचारा."

सगळ्यांनी रिगझिनकडे पाहिलं. ती कवचाचे पट्टे एकेक करून सोडत होती.

साधं पॅडिंग बांधून ती बर्फावर उतरली. पहिलीच चकती तिच्या काखेखालून जाळ्यात गेली.

"येमूलला उतरवा रे!" कुणीतरी ओरडलं. पायऱ्यांवर परतलेल्या मल्लेशच्या पाठीवर शेजारच्या काकांनी थाप मारली, "बघा, तुमच्याशिवाय काही खरं नाही."

"काका, गप बसा."

रिगझिनने गुडघा पूर्ण वाकवला, सरळ केला, परत वाकवला. समोरचा खेळाडू वेगाने येत होता. त्याच्या मनगटाच्या वळणावरून मल्लेशला आत्ताच कळलं होतं, चकती उजव्या कोपऱ्यात जाणार. त्याचं तोंड उघडलं. हाक तिच्यापर्यंत नक्की पोचली असती.

पण हाक मारली, तर ती चकती कोणी अडवली म्हणायची?